कागदावरचं दुसरं नाव

केडगावच्या कृपादान उजागरेला काळजी करायला कारण लागायचं नाही. एखाद्या गावातलं फॅट मशीन दुरुस्त करून तो मोटारसायकलवर निघाला, की गावाची वेस ओलांडेपर्यंत ठीक असायचा. पुढे कुठेतरी त्याला वाटायचं, मागचा स्क्रू आवळला का आपण? मग गाडी वळवायची. दूध संकलन केंद्रावरचा माणूस विचारायचा, "काय राहिलं, भाऊ?" कृपादान काही न बोलता मशीन उघडायचा. स्क्रू आवळलेलाच असायचा. तो परत निघायचा आणि वाटेत झाकणाबद्दल शंका घ्यायचा.

घरच्यांना या स्वभावाचा वैताग होता, धंद्याला मात्र तो मानवला. फॅट मशीन दुधातली स्निग्धता मोजतं. त्यावर येणाऱ्या आकड्यावर शेतकऱ्याला लिटरमागे भाव मिळतो. आकडा थोडा खाली घसरला तर शेतकरी ओरडतो, वर चढला तर डेअरी. त्यामुळे मशीन बरोबर लावणारा माणूस दोघांनाही विश्वासाचा लागतो. उजागरेनं लावलेलं मशीन कुणाच्याच बाजूला झुकत नाही, असं नेवासा-शेवगाव-पाथर्डीच्या पट्ट्यात लोक मानायचे.

खरं तर तो टीव्ही मेकॅनिक. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. त्यांनी त्याला आयटीआयला घातलं आणि पुढे पुणे रोडला एक गाळा घेऊन दिला. गाळ्यावर पाटी लागली, उजागरे इलेक्ट्रॉनिक्स. काही वर्षं बरी गेली. मग टीव्ही पातळ झाले आणि बिघडले की लोक नवाच घ्यायला लागले. गाळा बंद करावा का, या विचारात तो असताना हनुमंत ढाकणे त्याच्याकडे कामाला लागला. हनुमंत शेवगावकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे. हा कारखान्यांच्या फडातच वाढला, कशीबशी दहावी झाला, आयटीआय करून नगरला आला. एकदा सुट्टीवरून येताना त्यानं गावच्या डेअरीचं बंद पडलेलं फॅट मशीन पोत्यात गुंडाळून एसटीनं आणलं आणि कृपादानच्या टेबलावर ठेवलं.

"भाऊ, ह्ये बघा बरं उघडून. आत सगळं आपल्याच वळखीचं दिसतंय."

ते मशीन चालू झालं आणि गाळा वाचला. तेव्हापासून जवळजवळ चौदा वर्षं दोघं एकत्र काम करत होते. आधी पगार असायचा. पुढे कधीतरी पगार बंद होऊन महिन्याच्या शेवटी उरलं ते निम्मंनिम्मं वाटून घ्यायची रीत पडली. ती कुणी ठरवली नव्हती आणि कुठे लिहिलेलीही नव्हती. पाटीवर, बिलबुकावर, बँकेत नाव एकट्या कृपादानचं.

गेल्या फेब्रुवारीत एका मोठ्या खाजगी डेअरीनं त्याला बोलावलं. जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांवरची मशीन वर्षभर सांभाळायचं काम त्यांना एकाच माणसाला द्यायचं होतं. तिथले खरेदी अधिकारी राधाकृष्ण वाकचौरे हे अकोल्याकडचे, शांत बोलणारे गृहस्थ.

"उजागरे, काम तुम्हालाच द्यावं असं माझं मत आहे," ते म्हणाले. "पण हेड ऑफिसचा नियम आलाय. वार्षिक करार एकट्या व्यक्तीच्या नावानं करायचा नाही. कंपनी काढा, एलएलपी काढा, काहीतरी रजिस्टर करा. एक एप्रिलच्या आत कागद माझ्या टेबलावर पाहिजेत."

त्यांनी कराराचा मसुदा पुढे केला. त्यात एक कलम होतं. दुरुस्ती करणाऱ्याच्या चुकीनं मशीननं चुकीचा आकडा दाखवला, तर झालेल्या नुकसानाची भरपाई त्यानं करायची. कृपादाननं ते तीनदा वाचलं. एका केंद्रावर रोज किती दूध येतं, ते त्याला माहीत होतं. घरी येईपर्यंत तो मनातल्या मनात त्याचाच गुणाकार करत होता.

शॅरन, त्याची बायको, अनुदानित शाळेत शिक्षिका. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "नवीन काम मिळतंय ना? मग चेहरा असा का?"

"चूक झाली तर घर जाईल."

"अजून काम सुरू झालं नाही. घर कुठं निघालं?"

पण तिनंच चौकशी करून सावेडीतल्या सुकन्या मॅडमचा नंबर मिळवला. सुकन्या तरुण सीए होती. ऑफिस लहान, भिंतीवर घड्याळ आणि दारात चपलांचा ढीग. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली.

"काका, आत्ता तुम्ही आणि तुमचा धंदा कायद्याच्या दृष्टीनं एकच. धंद्यावर दावा आला की तो तुमच्यावर, तुमच्या घरावर. साधी भागीदारी केली तर एकाच्या चुकीपायी दुसऱ्याचं घरही अडकतं. म्हणून कंपनी किंवा एलएलपी. एलएलपी म्हणजे भागीदारीच, पण धंद्याची देणी धंद्यापुरती राहतात. मात्र स्वतःच्या हातून झालेल्या निष्काळजीपणाला माणूस स्वतः जबाबदार असतोच, त्याला कुठलाच कागद झाकत नाही. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये कागदपत्रांचा व्याप जास्त. तुम्हा दोघांना एलएलपी बरी पडेल." मग तिनं पेन खाली ठेवलं. "हनुमंत तुमचे कोण?"

"माझा पार्टनर."

"कागदावर?"

कृपादाननं नकारार्थी मान हलवली.

"ठीक आहे, आता करू. करारनामा मी तयार करते. पण एक गोष्ट दोघांनी बोलून घ्या. उद्या तुमचं पटलं नाही तर काय करायचं? गाळा कुणाकडे, गिऱ्हाईक कुणाचं, सामान कुणाचं? हे आधी लिहावं लागतं."

ती हे अगदी सहज बोलली. येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच विचारत असणार. पण कृपादानच्या मनात तो प्रश्न काट्यासारखा रुतून बसला. चौदा वर्षांत पटणार नाही असं कधी त्याच्या मनात आलं नव्हतं. आता हनुमंत फोनवर हळू बोलला तरी त्याला वाटायचं, कुणाशी बोलतोय? हनुमंतनं एखाद्या केंद्राच्या सचिवाला स्वतःचा नंबर दिला तरी त्याला खटकायचं. आधीही तो नंबर देतच होता. सुकन्या मॅडमचा प्रश्न काही त्यानं हनुमंतला सांगितला नाही. एवढंच म्हणाला, "डेअरीचं काम घ्यायला एलएलपी काढायची आहे. दोघांच्या नावानं. आधार, पॅन दे."

हनुमंतनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन्ही कार्डं काढून दिली. तिथेच सगळं अडलं.

आधारवर त्याच्या वडलांचं नाव सहादेव होतं, पॅनवर सहादू. आधारवरची जन्मतारीख एक जून, पॅनवर एक जानेवारी, वर्षही वेगळं. दहावीच्या सनदेवर तो हनुमंता होता. आईबाप फडावर असताना कोपीत, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीत, जन्मलेलं पोर. शाळेत मास्तरांनी एक तारीख घातली आणि पॅन काढणाऱ्या एजंटानं दुसरी.

"भागीदार म्हणून नोंद करायची तर आधार आणि पॅन तंतोतंत जुळायला हवेत," सुकन्या म्हणाली. "दुरुस्तीचा अर्ज करू. वेळ लागेल."

अर्ज केला. मार्च सुरू झाला. एके दिवशी कळलं, की अर्ज परत आलाय, जोडलेला पुरावा चालत नाही. सुकन्यानं दुसरा अर्ज भरला. कृपादान रोज तिला फोन करायचा. मग लाज वाटून दोन दिवस करायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच ऑफिसच्या पायऱ्या चढायचा.

अशाच एका दुपारी ती म्हणाली, "काका, एक तारखेच्या आत हे होईल असं मला वाटत नाही. घाई असेल तर दुसरा मार्ग आहे. एकट्या माणसाची कंपनीही निघते. मालक तुम्ही, तुमच्या पश्चात कोण त्याचं नाव द्यायचं, बस. तुमचे कागद स्वच्छ आहेत. आठ-दहा दिवसांत होईल."

"आणि हनुमंत?"

"त्यांना नंतर घेता येईल. तोवर पगारावर दाखवा."

कृपादाननं घरी विचारलं, "तुझं नाव घालून दोघांची कंपनी केली तर?"

"माझ्या नोकरीत ते चालत नाही," शॅरन म्हणाली. "आणि चालत असतं तरी मी सही केली नसती. तिथं माझी नाही, हनुमंतची जागा आहे."

"कायमचं थोडंच आहे? नंतर घेऊच ना त्याला."

"त्याला विचारलंस?"

त्यानं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो एकट्याच्या कंपनीचा अर्ज भरायला पुन्हा सुकन्याच्या ऑफिसात गेला. डिजिटल सहीसाठी मोबाईलसमोर बसून स्वतःचं नाव सांगायचं होतं. "मी कृपादान येशूदास उजागरे," असं तो म्हणत असतानाच हनुमंतचा फोन आला. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. ते झाल्यावर त्यानं जिन्यात उभं राहून हनुमंतला फोन लावला.

"भाऊ, बोधेगावला मशीन आकडा धरंना. कुठं हाय तुमी?"

"दाताच्या डॉक्टरकडं," कृपादान म्हणाला.

"लई दुखतंय का? मग ऱ्हाऊ द्या. मी बघतो."

फोन ठेवल्यावर कृपादानला खरोखरच जबड्यात कळ आल्यासारखं वाटलं. आयुष्यात तो खोटं फारसं बोलला नव्हता आणि हनुमंतशी तर नाहीच. रविवारी उपासनेला बसला तेव्हा गीताचं पान सापडत नव्हतं. शॅरननं हातातून पुस्तक घेऊन पान काढून दिलं. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "त्याला उद्या सांग. नाहीतर मी सांगते."

सोमवारी गाळ्यावर त्यानं सांगितलं. कागद अडलेत, मुदत जवळ आली, म्हणून सध्या एकट्याच्या नावानं कंपनी करावी असं चाललंय, नंतर तुला घेतोच. सांगताना तो पेचकस पुसत होता.

हनुमंतनं सगळं ऐकलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

"करा की," तो म्हणाला. "मी काय अडीवलंय तुमाला? माझ्या कार्डापायी तुमचं काम नको जायला."

मग त्यानं पिशवी उचलली आणि तो केंद्रांवर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन उचलत होता, पण "जरा घरी काम हाय" यापलीकडे बोलत नव्हता. कृपादानच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. दुसऱ्या कुणाला मिळाला का? वाकचौरे साहेबांकडे परस्पर गेला का? गाळ्यात एकटाच बसून तो दाराकडे बघत राहायचा. गुरुवारी त्यानं शटर ओढलं आणि मोटारसायकल शेवगावच्या रस्त्याला लावली.

हनुमंतचं घर गावाच्या टोकाला, पत्र्याचं. हनुमंत घरी नव्हता. त्याची आई लंकाबाई ओट्यावर बसून तूर पाखडत होती. तिनं कृपादानला ओळखलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"बस बाबा. त्यो तालुक्याला गेलाय, आधारच्या हापिसात. तीन दिस झालं जातोय. सकाळी लाइन, दुपारी म्हणत्यात उद्या या."

कृपादाननं पायातल्या चपला काढल्या. तो ओट्याच्या कडेला बसला.

"तू कंपनी काढतोयस म्हनं," लंकाबाई म्हणाली.

"हो, म्हणजे... सध्या माझ्या एकट्याच्या नावानं. हनुमंतला नंतर घेणार आहे, मावशी."

लंकाबाईनं मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती जुनी गोष्ट सांगावी तशी बोलत होती.

"आमी नवरा-बायकू मिळून एक कोयता. मुकादम तसंच मोजतो. नवरा तोडतो, बायकू मोळ्या बांदती, गाडी भरती. पर नाव लिवायचं नवऱ्याचं. हनुमंताचा बाप गेला, तवा मी मुकादमाकडं गेले, म्हनलं माझा हिशेब दे. त्यो वही बगून म्हनला, लंकाबाई, तुझं नाव तर हितं न्हाईच. येवढी वर्सं ऊस तोडला बाबा, आन मी कुठंच नव्हते."

तिनं पुन्हा सूप हातात घेतलं. "मुकादम बी वाईट नव्हता. त्यो बी म्हनायचा, फुडच्या साली लिवू."

कृपादाननं चहा घेतला की नाही, हे त्याला नंतर आठवेना. तो तालुक्याला गेला. आधार केंद्राबाहेर भिंतीला टेकून हनुमंत उभा होता, हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी. कृपादानला बघून तो दचकला.

"हितं कशाला आलात?"

"लायनीत उभं राहायला," कृपादान म्हणाला. "एकट्याची कंपनी मी काढत नाही. तुझी कार्डं जुळली की मग काढू."

"अन् येक तारीख?"

"जाऊ दे."

"भाऊ, लई मोठं काम हाय त्ये."

"मला माहीत आहे. म्हणून तर भीती वाटतेय," कृपादान म्हणाला आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकला. "आणि त्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरकडं नव्हतो. सीएकडं होतो."

हनुमंतनं रांगेकडे पाहिलं. "त्ये मला कळलं हुतं," तो म्हणाला. "तुमाला खोटं बोलता येत न्हाई."

सोमवारी कृपादान वाकचौरे साहेबांना भेटला. मुदत वाढवून मिळेल का, असं त्यानं विचारलं. साहेबांनी चष्मा काढला.

"उजागरे, माझ्या हातात असतं तर दिली असती. करार पुण्याच्या फर्मला जाईल. शेवगाव-पाथर्डीकडची थोडी केंद्रं मी महिन्याच्या ऑर्डरवर तुमच्याकडे ठेवू शकतो, जुन्याच नावानं. भरपाईचं कलम त्यात नाही. यापलीकडे मला काही करता येणार नाही."

कृपादाननं मान डोलावली. जिना उतरताना त्याला दर पायरीला वाटत होतं, परत वर जावं, आठ दिवसांत एकट्याची कंपनी आणून देतो म्हणावं. तो पार्किंगपर्यंत आला. गाडी चालू करायला त्याला बराच वेळ लागला.

हनुमंतचे कागद मे महिन्यात जुळले. पॅन नव्यानं आलं, त्यावर हनुमंत सहादेव ढाकणे. सुकन्यानं दोघांना बोलावलं आणि करारनामा पुढे ठेवला. आता कुणाचं काय हा प्रश्न दोघांसमोर आला, आणि तो कृपादानला वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला.

"नफ्यातला वाटा?" तिनं विचारलं.

"सारखा," हनुमंत म्हणाला. लगेच, आधीपासून ठरवून आल्यासारखा.

कृपादान थांबला. गाळा त्याचा, हत्यारं त्याची, नाव त्याचं. हे मनात आल्याची त्याला लाज वाटली, पण ते मनात आलं होतं. "गाळा माझा आहे," तो अखेर म्हणाला.

"हाय की. मी कुठं न्हाई म्हनतो? पर पयलं मशीन पोत्यात घालून कुनी आनलं?"

सुकन्यानं लिहिणं थांबवलं. चौदा वर्षांत दोघांनी एकमेकांना असं कधी विचारलं नव्हतं. हनुमंतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

सुकन्याच मध्ये बोलली. "गाळा काकांचाच राहू दे. एलएलपी त्यांना भाडं देईल. हत्यारांची किंमत त्यांचं भांडवल म्हणून लिहू. नफा मात्र सारखा. चालेल?"

कृपादाननं हनुमंतकडे पाहिलं. हनुमंतनं त्याच्याकडे. "चालंल," हनुमंत म्हणाला. कृपादान "हो" म्हणाला, आणि त्याला वाटलं, हे आधीच बोलून टाकलं असतं तर इतके दिवस हा प्रश्न लपवत फिरावं लागलं नसतं.

वेगळं व्हायच्या कलमावर मात्र तासभर गेला. शेवटी लिहिलं गेलं, की एकानं सोडायचं ठरवलं तर तीन महिने आधी सांगायचं आणि जो ज्या पट्ट्यातली केंद्रं बघतो, त्यानं ती ठेवायची. हनुमंतनं प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून घेतली. सही करताना त्यानं नाव पूर्ण लिहिलं, वडलांच्या नावासकट.

उजागरे ढाकणे सर्व्हिसेस एलएलपी, असं नाव मंजूर होऊन दाखला आला तो पावसाळ्याच्या तोंडावर. गाळ्यावरची पाटी बदलली. कृपादानच्या काळज्याही बदलल्या. आता दरवर्षी भरायचे कागद, उशीर झाला की वाढत जाणारा दंड, दोघांच्या सह्या लागणारं बँकेचं खातं. त्यानं मोबाईलमध्ये एवढे गजर लावले, की शॅरननं एकदा तो उशीखाली दाबून ठेवला.

ऑगस्टमध्ये वाकचौरे साहेबांचा फोन आला. पुण्याच्या फर्मची माणसं जामखेडकडे वेळेवर पोहोचत नव्हती. तिकडची केंद्रं तुम्ही घ्याल का? आता तुमची एलएलपीही आहे. करार लगेच करू.

कृपादानच्या तोंडापर्यंत "हो" आलं होतं. "पार्टनरला विचारून सांगतो," तो म्हणाला आणि त्यानं हनुमंतला फोन लावला. हनुमंत पाथर्डीला एका केंद्रावर होता. मागे कॅनचा खडखडाट ऐकू येत होता.

"जामखेड?" हनुमंत म्हणाला. "नगं, भाऊ. मानसं कुठं हायत आपल्याकडं? घाईनं मशीन लावलं अन् आकडा चुकला, तर ती भरपाई करत आपुनच बसायचो. आधी येक पोरगा शिकवून तयार करू. दिवाळीनंतर घेऊ."

"पण तोवर दुसऱ्या कुणाला देतील ते."

"देतील. तुमाला घ्यायचं आसंल तर बोला, बसून ठरवू. पर माझं मत नगं."

कृपादाननं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "ठीक आहे. नको म्हणून सांगतो."

जामखेडचं दिवाळीपर्यंत जमणार नाही, असं त्यानं साहेबांना कळवलं. साहेब बरं म्हणाले. कृपादान टेबलावरच्या मशीनकडे वळला, पण हात चालेना. नको म्हणायला नको होतं का? संध्याकाळी हनुमंत गाळ्यावर येईपर्यंत तो शटरबाहेर तीनदा जाऊन आला होता. हनुमंतनं पिशवी खाली ठेवली, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्टूल ओढून समोर बसला.

"बोला," तो म्हणाला. "काय काय वाटतंय, सगळं बोला. मग चा मागवू."